स्वतःला परके करणारा विनोद : १८५७ नंतरची गालिबची पत्रे

विनोद आणि दुःख यांच्या नात्याविषयी बोलताना आपण बहुधा दोन कल्पना गृहीत धरतो. विनोद हा दुःखावर ओढलेला पडदा आहे, ही पहिली. आणि विनोद हा दुःखावरचा उतारा आहे, ही दुसरी. पहिल्या कल्पनेत हसणारा मनुष्य काही तरी लपवीत असतो. दुसरीत तो काही तरी विसरत असतो. दोन्हींत तथ्य आहे. परंतु विनोदाच्या क्षणापुरते का होईना दुःख दूर सारले जाते, असे दोन्ही कल्पना मानतात. ज्या लेखकाच्या विनोदात दुःख दूर न जाता मोजून, नाव घेऊन, हिशेबाच्या वहीसारखे समोर मांडले जाते, अशा लेखकाला या दोन्ही चौकटी अपुऱ्या पडतात. मिर्झा असदुल्ला खान गालिब (१७९७–१८६९) हा असा लेखक आहे, आणि त्याची उर्दू पत्रे, विशेषतः १८५७ नंतरची, हा त्याचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

मराठी वाचकाला गालिब ठाऊक आहे तो प्रामुख्याने गझलकार म्हणून. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकांनी त्याच्या गझलांची वाट मराठीत मोकळी करून दिली. पुढे मैफली, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांनी ती रुंदावली. पत्रलेखक गालिब मात्र आपल्याकडे त्या मानाने दूरच राहिला. उर्दू गद्याच्या इतिहासात या पत्रांचे स्थान गझलांइतकेच मोठे मानले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते.

या पत्रांचा काळ आणि त्यांची साधने आधी पाहिली पाहिजेत. गालिब दीर्घकाळ फारसीतून पत्रव्यवहार करी. १८५०च्या आगेमागे तो नियमितपणे उर्दूत पत्रे लिहू लागला. १८५४ साली टपालाचे एकसारखे दर लागू झाले आणि अर्ध्या आण्यात पत्र कोठेही जाऊ लागले. दूर गेलेल्या मित्राशी रोजच्या रोज बोलता येणे ही नवीच सोय होती. आपण पत्रव्यवहाराचे संभाषण करून टाकले आहे, असा दावा गालिबने आग्र्याच्या हातिम अली बेग 'मेहर' यांना लिहिताना केला आहे, आणि तो सार्थ आहे. अलंकारिक संबोधने, लांबलचक प्रशस्ती यांना त्याने फाटा दिला. पत्र एकदम प्रश्नाने सुरू व्हावे, मध्येच दारात कोणी आल्याची वर्दी मिळावी, लिहिणारा आणि वाचणारा जणू एकाच बैठकीवर बसले आहेत असे वाटावे, अशी ही लेखनरीत आहे. ही पत्रे छापण्याची कल्पना १८५८ साली पुढे आली तेव्हा गालिबने प्रथम नकार दिला. सहज लिहिलेल्या मजकुरामुळे आपल्या कीर्तीला बाध येईल, अशी त्याला भीती होती. अखेरीस 'ऊद-ए-हिंदी' हा संग्रह ऑक्टोबर १८६८मध्ये निघाला. 'उर्दू-ए-मुअल्ला' मार्च १८६९मध्ये, म्हणजे १५ फेब्रुवारी १८६९ला गालिबचे निधन झाल्यानंतर बाहेर पडला. आपण ज्यांचा विचार करीत आहोत ते विनोद बहुतांशी एका वेळी एकाच माणसाला उद्देशून केलेले होते, ही गोष्ट निर्णायक महत्त्वाची आहे.

आता काळाविषयी. मे १८५७मध्ये उठाव दिल्लीत पोहोचला तेव्हा गालिब साठीच्या उंबरठ्यावर होता. बहादुरशहाचा तो काव्यगुरू होता. 'नज्मुद्दौला' हा किताब त्याला १८५० साली दरबारातून मिळाला होता. १४ सप्टेंबरला इंग्रज फौजा शहरात घुसल्या आणि आठवडाभरात दिल्ली त्यांच्या ताब्यात गेली. नंतर जे झाले त्याने एक संपूर्ण नागर संस्कृती उद्ध्वस्त केली. फाशी, हद्दपारी, घरांची लूट, वस्त्यांची पाडापाड. मुसलमान रहिवाशांना शहरात परतण्यास दीर्घकाळ बंदी आणि मग परवान्याची अट. गालिबच्या बल्लीमारान भागातील गल्लीवर पतियाळाच्या महाराजांच्या शिपायांचा पहारा होता, म्हणून तो वाचला. सुरक्षित राहावेत म्हणून पत्नीने दुसरीकडे ठेवलेले दागिने लुटले गेले. किल्ल्याचा आश्रय संपला. इंग्रज सरकारकडून मिळणारे वार्षिक साडेसातशे रुपयांचे कौटुंबिक निवृत्तिवेतनही तीन वर्षे बंद पडले. घरातले कपडे आणि अंथरुणे विकून दिवस काढावे लागले. लोक भाकरी खातात आणि आपण वस्त्रे खातो, अशा आशयाचा उद्गार त्याने 'दस्तंबू' या फारसी रोजनिशीत काढला आहे. १८६०च्या मे महिन्यात वेतन पुन्हा सुरू झाले आणि थकलेले बावीसशे पन्नास रुपये हाती पडले, तेही बहुतेक देणेकऱ्यांकडे गेले.

गालिबच्या विनोदाविषयीची आपली समजूत मात्र या पत्रांवरून बनलेली नाही. ती बनली आहे अल्ताफ हुसेन हाली याच्या 'यादगार-ए-गालिब' (१८९७) या चरित्रातील लतीफ्यांवरून. मनुष्याची व्याख्या विचार करणारा प्राणी अशी केली जाते. त्याच धर्तीवर हालीने गालिबला विनोदी प्राणी म्हटले. हालीने सांगितलेले दोन किस्से सर्वतोमुखी आहेत. १८४७ साली जुगाराच्या आरोपावरून गालिबला कारावास झाला. सुटल्यानंतर तो काले साहेब या पीराच्या घरी राहू लागला. कोणी तरी सुटकेबद्दल अभिनंदन केले, तेव्हा सुटका कसली, आधी गोऱ्याच्या कैदेत होतो आणि आता काल्याच्या कैदेत आहे, असे तो म्हणाला. दुसरा किस्सा १८५७च्या ऑक्टोबरातला. त्याला कर्नल बर्नपुढे नेले असता, तू मुसलमान आहेस काय, या प्रश्नाला त्याने अर्धा, असे उत्तर दिले. मद्य पितो, पण डुकराचे मांस खात नाही, असा त्याचा खुलासा.

हे किस्से सुंदर आहेत. परंतु त्यांची जात वेगळी आहे. लतीफा मैफलीसाठी असतो. त्यात बोलणारा जिंकतो, ऐकणारे दाद देतात आणि प्रसंग तेथेच संपतो. 'दस्तंबू'त गालिबने कर्नलच्या भेटीचा उल्लेख केला आहे. तो विनोद मात्र तेथे नाही. किस्सा खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे. मैफलीत जे सांगावेसे वाटते ते लिहिताना वेगळे ठरते, एवढाच याचा बोध. पत्रातल्या विनोदाला दाद देणारा समोर नसतो. लिहिणाऱ्याला एकट्याने बसून तो घडवावा लागतो आणि आपल्या दुःखाजवळ अधिक वेळ थांबावे लागते.

याचे पहिले उदाहरण म्हणजे लोहारूच्या नवाब घराण्यातील अलाउद्दीन अहमद खान 'अलाई' यांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र. त्यात गालिबने आपले सारे आयुष्य एका फौजदारी खटल्याच्या रूपात मांडले आहे. आत्म्यांच्या जगात अपराध करणाऱ्यांना शिक्षेसाठी या मातीच्या जगात पाठवितात, असे गृहीत धरून तो तारखा देऊ लागतो. रजब महिन्याच्या आठव्या तिथीला, हिजरी १२१२मध्ये, आपल्याला येथे हजर करण्यात आले. तेरा वर्षे कच्च्या कैदेत ठेवले. मग हिजरी १२२५मध्ये जन्मठेप फर्मावून पायात बेडी घातली, दिल्ली हा तुरुंग ठरविला आणि गद्यपद्य रचणे ही सक्तमजुरी नेमून दिली. ही बेडी म्हणजे विवाह. काही वर्षांनी कैदी पळाला, पूर्वेकडे भटकला; कलकत्त्याहून त्याला धरून आणले. पळपुटा कैदी म्हणून मग हातांतही दोन बेड्या पडल्या. या बेड्या म्हणजे घरात सांभाळलेले दोन लहान मुलगे. पुढे पायातली बेडी तुरुंगाच्या कोपऱ्यात टाकून, हातांतल्या दोन्ही घेऊन कैदी रामपूरला पळाला आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा पकडला गेला.

हे रूपक वाचताना हसू येते ते त्यातल्या दफ्तरी काटेकोरपणामुळे. जन्म, लग्न, कलकत्त्याचा प्रवास, १८६० सालची रामपूरची वारी, सारे तपशील खरे आहेत. बदलली आहे ती केवळ भाषा. न्यायालयाच्या रूक्ष भाषेत शोकाला जागा नसते, आणि म्हणूनच ती भाषा शोकाचा भार उचलू शकते. हातांतल्या बेड्यांमागची हकीकत ठाऊक असणाऱ्याला हे अधिक कळते. गालिबची सातही अपत्ये अगदी लहानपणी दगावली. पत्नीच्या भाच्याला, झैनुल आबिदीन खान 'आरिफ' याला, त्याने मुलासारखे मानले. तोही १८५२ साली ऐन तारुण्यात गेला. त्याची पोरकी मुले, बाकर अली आणि हुसेन अली, या त्या दोन बेड्या. विनोदाच्या एका शब्दात दोन पिढ्यांचे मृत्यू बसविलेले आहेत, आणि मुलांविषयीची मायाही. कारण पळताना कैद्याने त्या बेड्या बरोबर नेल्या.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सारे आयुष्य तुरुंग ठरविणाऱ्या या पत्रात १८४७चा खराखुरा तुरुंग नाही. त्या कारावासावर त्याने फारसीत एक गंभीर काव्य रचले होते, आणि हालीवर विश्वास ठेवल्यास मैफलीत त्यावर कोटीही केली होती. आत्मचरित्राच्या या विनोदी आराखड्यातून मात्र तो वगळला गेला. प्रतिष्ठेला बसलेला तो घाव रूपकात घालण्याजोगा नव्हता, असे मला वाटते. रूपकातला तुरुंग सर्व मानवजातीचा आहे. खरा तुरुंग एकट्या गालिबचा होता.

दुसरे पत्र कुर्बान अली बेग 'सालिक' यांना लिहिलेले. गालिबच्या विनोदाची रीत येथे त्याने स्वतःच उघड केली आहे. आपण स्वतःला परका मानू लागलो आहोत, असे तो सांगतो. जे दुःख येते ते पाहून आपण म्हणतो, घ्या, गालिबला आणखी एक जोडा बसला. मग तो या परक्या गालिबची झडती घेतो. मोठा कवी म्हणून, फारसीचा जाणकार म्हणून फार मिरवत होता ना? आता सावकारांना उत्तर दे. राजांना मृत्यूनंतर स्वर्गस्थ असल्याचे किताब देतात, तर काव्याच्या या बादशहासाठी नरकवासाचे किताब योजले आहेत. नज्मुद्दौला बहादुरांच्या गळपट्टीला एका देणेकऱ्याचा हात आहे, दुसरा शिव्या मोजतो आहे. दारू, गुलाबपाणी, कापड, आंबे, रोख रक्कम, सारे उधारीवर. हे फेडणार कोठून याचा विचार आधी केला होतास काय?

विनोदावरील १९२७ सालच्या निबंधात सिग्मंड फ्रॉइडने असे मांडले की, विनोदात मनाचा वडीलधारा भाग भेदरलेल्या भागाकडे मुलाकडे पाहावे तसा पाहतो आणि जगाचे भय किती क्षुल्लक आहे, हे त्याला समजावतो. सालिकला लिहिलेले पत्र या उपपत्तीची आठवण करून देते, आणि तिच्यापासून दूरही जाते. गालिबचे परके मन वडीलधारे नाही. ते धीर देत नाही, भय क्षुल्लक आहे असेही म्हणत नाही. ते बाजारातल्या बघ्याचे मन आहे, किंबहुना देणेकऱ्यांच्या बाजूचे आहे. येथे आधार मिळतो तो सांत्वनातून मिळत नाही. तो मिळतो अंतरातून. ज्याला जोडा बसतो तो एक आणि जो पाहतो तो दुसरा, अशी फाळणी झाली की पाहणारा शाबूत राहतो, आणि शाबूत राहिलेला तो लिहू शकतो. परमेश्वराकडूनही आशा उरली नाही, अशी कबुली देऊन हे पत्र सुरू होते. तिच्या उजेडात वाचले म्हणजे ही फाळणी गमतीखातर केलेली नाही, हे ध्यानात येते.

अशा विनोदाची कसोटी एकच : तो कोठे थांबावयाचे हे जाणतो काय? गालिबचा धाकटा भाऊ मिर्झा यूसुफ अनेक वर्षे वेडाने ग्रस्त होता. ऑक्टोबर १८५७मध्ये तो वारला. ज्वराने, असे 'दस्तंबू' सांगते. इंग्रज सैनिकाच्या गोळीने, असे एक समकालीन कथन आहे. कफन मिळत नव्हते, कबर खोदणारा नव्हता. घरातल्या पांढऱ्या चादरींत गुंडाळून शेजाऱ्यांनी त्याला जवळच्या मशिदीच्या आवारात पुरले. या प्रसंगावर गालिबने विनोद केलेला नाही. मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' या आपल्या जिवलग शिष्याला त्याने गेलेल्या इंग्रज आणि हिंदी स्नेह्यांविषयी लिहिले आहे. इतके मित्र गेले की आपण मेलो तर रडायलाही कोणी उरणार नाही, असा त्याचा शेवट. येथेही हसू नाही. मीर मेहदी 'मजरूह' यांनी दिल्लीची खबर विचारली, तेव्हा त्याने दिल्लीचे दिल्लीपण ज्यांवर उभे होते अशा पाच गोष्टी मोजून दाखविल्या : किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीजवळची रोजची गर्दी, आठवड्याची यमुनेच्या पुलावरची सहल आणि फुलवाल्यांची वार्षिक जत्रा. पाचही नाहीत, मग दिल्ली कोठली? या नावाचे एक शहर हिंदुस्थानात एके काळी होते, इतकेच.

सर्वांत विलक्षण आहे ते यूसुफ मिर्झा या तरुण आप्ताला पाठविलेले सांत्वनपत्र. त्याचा मुलगा गेला, मग वडील गेले. धीर धर असे लिहिणे ही जगाची झिजलेली रीत आहे. काळीज कापले गेलेल्याला तळमळू नकोस असे कसे सांगावे, असे गालिब विचारतो. नंतर तो 'बेसरोपा', म्हणजे ज्याला ना डोके ना पाय, या रूढ शब्दावर येतो आणि म्हणतो की याचा अर्थ कोणी विचारला तर आपण यूसुफ मिर्झाकडे बोट दाखवू. ही शब्दावरची कोटीच आहे. पण तिच्यात हसू नाही. वडील हे मस्तक आणि मुलगा हे पाय, दोन्ही गेले. विनोदाची सारी हत्यारे वापरून केलेला हा शोक आहे. मेहरच्या प्रेयसीचे निधन झाले, त्या वेळचा क्रमही असाच बोलका आहे. पहिल्या पत्रात गालिब स्वतःचे जुने दुःख आठवून त्याच्या शेजारी बसतो. थट्टा येते ती त्यानंतर. साखरेवरची माशी हो, मधावरची नको, असा उपदेश तो करतो आणि स्वर्गात अनंतकाळ एकाच अप्सरेच्या सहवासात राहण्याच्या कल्पनेनेच आपला जीव घाबरतो, असे सांगतो. प्रत्येक दुःखाचा हसण्याजोगा दिवस वेगळा असतो, हे भान त्यामागे आहे.

या विनोदावर दोन आक्षेप घेता येतात, आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला सावधगिरीचा. पत्रे सरकारी टपालातून जात होती, काळ संशयाचा होता, आणि गालिब निवृत्तिवेतनाच्या आशेवर होता. 'दस्तंबू'मधील इंग्रजांची स्तुती त्या आशेपासून वेगळी काढता येत नाही. पत्रांतल्या परक्या आवाजाला भीतीचीही झालर असणार. हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, अधिक धीट कथन बहुधा पत्रांतच आढळते; शहराची पाडापाड, परवान्याची जाचक रीत, उपासमार यांची नोंद तेथे सातत्याने येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रूपकात पायातली बेडी ठरलेली स्त्री, उमराव बेगम, हिची सात मुले गेली होती. 'आरिफ' तिच्याच माहेरचा होता. लुटले गेलेले दागिने तिचे होते. गालिबला स्वतःपासून दूर उभे राहण्याची वाट सापडली, ती त्याच्याजवळ वाचक होते म्हणून. तिचे एकही पत्र या वाङ्मयात नाही. या पत्रांतल्या कारावासात दोघे होते. हसण्याची मुभा एकालाच होती. हे आजच्या वाचकाने विसरता कामा नये.

मराठीत याच प्रलयाचे एक कथन आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले, झाशीचा वेढा आणि लूट त्यांनी पाहिली, आणि परतल्यावर पुष्कळ वर्षांनी ते सारे लिहून काढले; चिं. वि. वैद्य यांनी संपादित केलेला 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. गोडसे भटजींजवळ परतण्यासाठी गाव होते, आणि लिहिण्यासाठी मध्ये गेलेला काळ होता. दुःखापासूनचे अंतर त्यांना प्रवासाने आणि वर्षांनी दिले. गालिब त्याच मोडलेल्या शहरात, त्याच गळक्या घरात बसून लिहीत होता. ढग दोन तास बरसला तर छप्पर चार तास बरसते, असे तो सांगतो. अंतर बाहेरून मिळत नव्हते. ते त्याला पत्रागणिक स्वतः निर्माण करावे लागले.

त्याने ते अखेरपर्यंत केले. 'गालिब मुर्द', म्हणजे 'गालिब मेला', या शब्दांतील अक्षरांची बेरीज १२७७ होते, म्हणून त्या हिजरी सालात (१८६०–६१) आपण मरणार, असे त्याने जाहीर केले होते. साथ आली, माणसे मेली, गालिब जगला. मजरूहने विचारले, तेव्हा त्याने कळविले की भाकीत चुकले नव्हते. सार्वजनिक साथीत मरणे आपल्याला कमीपणाचे वाटले, इतकेच. एकांताच्या त्या वर्षांत त्याने तफ्ताला लिहिले होते की, आपण पत्रांच्या भरवशावर जगतो. ज्याचे पत्र येते तो स्वतःच आला असे समजतो. त्याच्या विनोदाचा खरा अर्थ या कबुलीत आहे. स्वतःला परके केल्यावर जो उरतो त्याला कोणाशी तरी बोलावे लागते, आणि बोलणे चालू राहावे म्हणून ऐकणाऱ्याला आपल्या दुःखाखाली दडपून चालत नाही. गालिबने आपले दुःख मित्रांना सोसवेल अशा रूपात पाठविले, आणि त्यातला एकही तपशील कमी केला नाही.